‘कितवी स्टेज?’ : रक्ताच्या कर्करोगाचे निदान आणि उपचारांचे पहिले दिवस

(सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. प्रश्नोत्तरांतील निवडक भाग शेवटी दिला आहे.)



संयोजकांनी माझ्या पदव्या वाचून दाखवल्या. त्यापेक्षा तुमच्या कामाची एक गोष्ट सांगते. आठवड्यातून चार दिवस मी ओपीडीत बसते आणि दर आठवड्याला कुणाला तरी पहिल्यांदा सांगते, की तुम्हाला रक्ताचा कर्करोग आहे. आज मी त्या वाक्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांबद्दल बोलणार आहे. रिपोर्ट हातात आल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत. आजाराचा निकाल पुष्कळदा याच दिवसांत कोणत्या बाजूला झुकणार ते ठरतं, आणि घर नेमकं याच दिवसांत गोंधळलेलं असतं.

मी ते वाक्य बोलले की खोलीत थोडा वेळ शांतता होते. मग रुग्ण नाही, बरोबर आलेलं कुणीतरी विचारतं, “मॅडम, कितवी स्टेज?”

हा प्रश्न कुठून आला हे मला कळतं. शेजारी कुणाला तोंडाचा कर्करोग झालेला असतो, मावशीला स्तनाचा. तिथे एक गाठ असते. ती केवढी आहे, जवळच्या ग्रंथींत गेली का, लांब पसरली का, यावरून स्टेज ठरते. पण ल्युकेमियाचा जन्मच अस्थिमज्जेत, म्हणजे बोन मॅरोत होतो, आणि रक्त तर पहिल्या दिवसापासून सगळ्या शरीरभर फिरत असतं. ‘एकाच जागी आहे, अजून पसरला नाही’ अशी पायरी तिथे नाहीच. मी म्हणते, “याला तशी स्टेज नसते.” समोरचा ऐकतो, “म्हणजे लास्ट!” आणि खोलीतली हवाच जाते.

तसं नाही. लिम्फोमात, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कर्करोगात, स्टेज असते. पण तिथे चौथ्या स्टेजचे लोकही बरे होऊन घरी जाताना मी पाहते. मायलोमातही असते, ती रक्ताच्या तपासण्यांवरून ठरते. ल्युकेमियात मात्र विचारायचे प्रश्न दोन. याचं पूर्ण नाव काय? आणि याचा वेग काय? ‘ब्लड कॅन्सर’ हे नाव नव्हे, ते आडनाव झालं. त्या आडनावाची डझनावारी माणसं आहेत, आणि त्यांचे स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत.

आधी मज्जेचं थोडं समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मोठ्या माणसाच्या कमरेच्या हाडात, छातीच्या मधल्या हाडात, मणक्यांत रक्त तयार करायचा कारखाना चालू असतो. लाल पेशी साधारण १२० दिवस टिकते. प्लेटलेट आठ-दहा दिवस. आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी रक्तात एखादा दिवसही धड टिकत नाहीत. आता कारखाना बंद पडला तर कोणता माल आधी संपेल? म्हणून ताप येतो, हिरड्यांतून रक्त येतं, मांडीवर काळेनिळे डाग उठतात, आणि जिना चढताना दम लागतो. चारही तक्रारी एकाच बंद कारखान्याच्या.

मग लोक म्हणतात, “पण मॅडम, पांढऱ्या पेशी तर दोन लाख आहेत!” हो, पण त्या कच्च्या आहेत. समजा, गावात दोन लाख पोलीस भरती झाले आणि एकालाही काठी धरता येत नाही, उलट सगळे चौक अडवून उभे आहेत. तसं.

पपईच्या पानांचा रस इथेच सांगून टाकते, कारण डेंग्यूमुळे तो घराघरांत पोहोचलाय. डेंग्यूत कारखाना शाबूत असतो, आजार ओसरला की प्लेटलेट आपोआप वर येतात, आणि श्रेय रसाला जातं. ल्युकेमियात कारखान्याची जागाच दुसऱ्यांनी बळकावलेली असते. तिथे बाहेरून प्लेटलेट द्याव्या लागतात आणि आतली जागा मोकळी करावी लागते. रसाने यातलं काही होत नाही. होतं ते एवढंच, की चार दिवस जातात.

आता दोन रुग्ण सांगते. एकाच आठवड्यात आलेले. तपशील थोडे बदललेत.

पहिले गणिताचे शिक्षक, वय ४६. डाव्या कुशीत जड वाटतं, जेवण लगेच भरल्यासारखं होतं, एवढीच तक्रार. प्लीहा वाढली होती. तिला जुनी माणसं पानथरी म्हणतात. पांढऱ्या पेशी १,८०,०००. एरवी त्या ४,००० ते ११,०००च्या आसपास असतात. बातमी कळताच सर सातबारा मुलाच्या नावावर करायला निघाले होते. शाळेत राजीनामा लिहून ठेवला होता.

दुसरा टेम्पो चालवणारा मुलगा, वय २३. तीन दिवस ब्रश करताना रक्त येत होतं. प्लेटलेट ११,००० आणि पांढऱ्या पेशी फक्त २,१००. घरचे म्हणाले, “कॅन्सरमध्ये पेशी वाढतात ना? याच्या तर कमी आहेत. डेंग्यूच असणार.” चार दिवस तोच तो रस पाजला. नशीब असं, की तालुक्याच्या लॅबमधल्या डॉक्टरांनी मशीनच्या आकड्यावर न थांबता काच मायक्रोस्कोपखाली पाहिली आणि स्वतः फोन केला.

दोघांच्या घरी त्या रात्री एकच शब्द बोलला गेला असणार. सरांकडे वेळ होता. त्या मुलाकडे रात्रसुद्धा नव्हती.

सरांचा आजार सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. याच्यात नऊ आणि बावीस क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांत एक आखूड गुणसूत्र दिसलं, म्हणून त्याला फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतात. ही अदलाबदल आहे, हे १९७३ मध्ये जॅनेट रोली यांनी दाखवलं. त्या सांध्यावर एक चुकीचं प्रथिन तयार होतं. ते म्हणजे कायम चालू राहिलेलं बटण. ते बटण बंद करणारी गोळी, इमॅटिनिब, २००१ साली अमेरिकेत मंजूर झाली. त्याआधी या आजाराच्या रुग्णाला तीन-पाच वर्षं मिळत. या गोळीवर सुरुवात केलेल्या रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात दहा वर्षांनंतर सुमारे ८३ टक्के हयात होते.

आणि परवडण्याचं म्हणाल, तर मूळ कंपनीच्या गोळ्यांचा खर्च एके काळी महिन्याला लाखाच्या वर होता. भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आठ-दहा हजारांत मिळत. त्यावरचा पेटंटचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिसचा दावा फेटाळला गेला. पेटंट कायद्याचा तो निकाल माझ्या ओपीडीत रोज दिसतो, म्हणून सांगितला.

सरांनी राजीनामा फाडला. रोज एक गोळी, जेवणाबरोबर, भरपूर पाण्यासोबत. डोळ्यांभोवती थोडी सूज, रात्री पायात गोळे, बाकी काही नाही. तिसऱ्या महिन्यात पेशी नॉर्मल. मी खूश, सर खूश.

दोन वर्षांनी सर आले तेव्हा पेशी पुन्हा ९०,००० होत्या. आठ महिन्यांपासून गोळी बंद. का, तर “मॅडम, मला काहीच होत नव्हतं.” चूक त्यांची म्हणून मोकळी झाले असते, पण ती माझी होती. पहिल्या भेटीत मी त्यांना बटण, गुणसूत्र सगळं सांगितलं होतं. बरं वाटणं म्हणजे आजार गेला असं नाही, गोळी काम करतेय असा त्याचा अर्थ आहे, हे एवढं मात्र सांगायचं राहून गेलं. सुदैवाने दुसऱ्या औषधाने आजार पुन्हा आटोक्यात आला. काही रुग्णांची गोळी पुढे थांबवता येते, पण त्याला काही वर्षांचे उपचार, सलग खोलवर निगेटिव्ह आलेल्या पीसीआर चाचण्या आणि नंतर कडक देखरेख लागते. ‘मला काही होत नाही’ हा त्याचा निकष नाही.

आता तो मुलगा. त्याचा आजार एपीएल, ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. सगळ्या ल्युकेमियांत हा सर्वांत विचित्र. पहिल्या काही दिवसांत मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो, आणि तो काळ पार पडला तर बहुसंख्य रुग्ण कायमचे बरे होतात. औषधं कोणती? एक अ जीवनसत्त्वापासून बनवलेली कॅप्सूल, आणि दुसरं आर्सेनिक. हो, आपल्या जुन्या गोष्टींत विष म्हणून येतो तो सोमल. चीनमधल्या डॉक्टरांनी दोन्हींचा पाया घातला. (हे ऐकून कुणी घरी सोमल शोधू नका. हॉस्पिटलात तो मोजून, हृदयाचा आलेख बघत, सलाइनमधून देतात.)

रात्री साडेदहा वाजता मी वॉर्डात होते. जनुकांचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागणार होते. नियम असा, की एपीएलची शंका आली तरी कॅप्सूल सुरू करायची, रिपोर्टची वाट बघायची नाही. नातेवाईक मात्र सहा-सात आणि प्रत्येकाचं वेगळं. मामा म्हणाले, मुंबईला दाखवू. आत्या म्हणाल्या, परवा अमावस्या आहे, ती जाऊ दे. मी म्हटलं, “अमावस्येचं आणि मुंबईचं आपण सकाळी बोलू. कॅप्सूल आत्ता देऊ या.” वडील एवढा वेळ गप्प होते. ते म्हणाले, “द्या.” आज तो टेम्पो चालवतो, त्याला मुलगी झाली.

म्हणून ‘सेकंड ओपिनियन घेऊ का’ याला माझ्याकडे एकच उत्तर नाही. क्रॉनिक आजार असेल तर खुशाल घ्या. पंधरा दिवसांनी सहसा काही बिघडत नाही. काही क्रॉनिक ल्युकेमियांत तर निदान झाल्यावरही वर्षानुवर्षं फक्त लक्ष ठेवतात, औषधच देत नाहीत. ‘ॲक्यूट’ शब्द ऐकला तर मत घ्या, पण ॲडमिट होऊन घ्या. फाइलचे फोटो दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ शकतात, रुग्णाला एसटीत बसवून न्यायची गरज नसते.

तपासण्यांबद्दल थोडक्यात. बोन मॅरो कमरेच्या मागच्या हाडातून घेतात, मणक्यातून नाही. भूल देऊन, वीसेक मिनिटांत. ‘पाय जातील’, ‘सुई लागली की पसरतो’ या दोन्ही भीती निराधार आहेत. जो आधीच रक्तात आहे तो सुईने कुठे पसरणार? एकाच नमुन्यातून तीन-चार महागड्या तपासण्या होतात आणि लोकांना वाटतं बिल वाढवतायत. फ्लो सायटोमेट्री पेशीचं कूळ सांगते, सायटोजेनेटिक्स गुणसूत्रं दाखवतं, मॉलिक्युलर टेस्ट जनुकातला बिघाड दाखवते. सरांना गोळी आणि त्या मुलाला कॅप्सूल द्यायची, हे यातूनच ठरतं.

आता ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. “मॅडम, त्यांना सांगू नका.” दार किलकिलं करून, रुग्णाला बाहेर बसवून, हळू आवाजात. यामागे माया असते, मला मान्य आहे. पण एक आजी होत्या, साठीच्या. घरच्यांनी ‘रक्तात इन्फेक्शन’ सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी राउंडला मी एकटी असताना म्हणाल्या, “बाई, बाहेर पाटीवर कर्करोग विभाग लिहिलंय. मला वाचता येतं. पण पोरांना कळू देऊ नका मला कळलंय म्हणून, त्यांना त्रास होईल.” म्हणजे बघा, एका खोलीत पाच माणसं, पाचांनाही माहीत, आणि पाची जण एकमेकांसमोर नाटक करतायत. आजींना मळमळ होत होती, ती त्या सांगत नव्हत्या, कारण सांगितलं असतं तर औषधाचा विषय निघाला असता.

उपचार रुग्णाच्या तोंडूनच चालतात. ताप आला का, रक्त गेलं का, गोळी चुकली का, हे त्यानेच सांगायचं असतं, आणि जे आहे हेच माहीत नाही त्याच्याबद्दल तो काय सांगणार? सगळं एका बैठकीत सांगा असं मी म्हणत नाही. मी आधी रुग्णाला विचारते, “तुम्हाला सगळं ऐकायचंय, की मुलाशी बोलू?” काही जण म्हणतात मुलाशी बोला. तेही ठीक, ते त्यांनी ठरवलेलं असतं.

पहिल्या डोसच्या आधी काही कामं उरकायची असतात. तरुण रुग्ण असेल, लग्न झालेलं असो वा नसो, तर केमोथेरपीआधी वीर्य गोठवून ठेवण्याचं विचारा. मुलींसाठीही मार्ग आहेत, पण त्यांना जास्त दिवस लागतात आणि ॲक्यूट आजारात ते नेहमी जमत नाही. हा विषय आईबापांसमोर कुणी काढत नाही, आणि पाच वर्षांनी बरा झालेला मुलगा मला विचारतो, “तेव्हा का नाही सांगितलं?” दुसरं, रक्तदात्यांची यादी करा, प्लेटलेट वरचेवर लागतात. पण पुढे ट्रान्सप्लांटची शक्यता असेल तर सख्ख्या भावाबहिणींचं, आईवडिलांचं रक्त देऊ नका, शरीर त्यांच्या पेशींविरुद्ध आधीच तयार होऊ शकतं. मित्र, शेजारी, मंडळाची पोरं चालतील. गंमत अशी, की भाऊ सगळ्यात आधी बाही वर करतो आणि त्यालाच थांबवावं लागतं. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता दर भावंडामागे चारात एक. त्याला त्यासाठी राखून ठेवायचं.

पैशांचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत, पण योजनेतल्याच हॉस्पिटलात. तिथे आरोग्यमित्र बसतात. ॲडमिट व्हायच्या दिवशीच रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा. योजना कॅशलेस आहे. आपण भरलेलं बिल नंतर परत मिळेल या भरवशावर राहू नका. मुख्यमंत्री सहायता निधी आहे, रेल्वेत सवलत आहे, तिचा फॉर्म हॉस्पिटल भरून देतं. मेडिकल सोशल वर्करचं टेबल शोधा. जमीन विकायला काढण्याआधी त्या टेबलापाशी जाऊन या, एवढं ऐका.

केमोथेरपी सुरू झाली की काय होतं? कारखान्यातली बळकावलेली जागा रिकामी करताना चांगले कामगारही जातात. पेशी आधी खूप खाली येतात, मग वर. ॲक्यूट ल्युकेमियात हा खालचा काळ दोन-तीन आठवड्यांचा, आणि त्यात ताप म्हणजे इमर्जन्सी. १००.४ फॅरनहाइट. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत बघू, असं करायचं नाही. तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. मी रुग्णाच्या घरच्यांना थर्मामीटर आणि हॉस्पिटलला पोहोचायची गाडी, दोन्ही आधी ठरवायला लावते. रात्री दोनला कोण येणार, त्याचं नाव सांगा, म्हणते.

केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जातात, आणि येतात. जेवण घरचं, ताजं, शिजवलेलं. कोशिंबीर आणि उघड्यावरचा उसाचा रस काही दिवस बंद. बाकी पथ्यांचं फार मनावर घेऊ नका.

महिन्याभराने ‘रिमिशन’ हा शब्द येतो. रिपोर्टमध्ये आजार दिसत नाही. आणि इथे दुसरी मोठी गळती होते, लोक घरी जातात आणि परत येत नाहीत. याचं उत्तर इतिहासात आहे. १९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन देऊन पहिल्यांदा रिमिशन मिळवलं. ते औषध यल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या माणसाच्या प्रयोगशाळेतून आलं होतं. पण मुलं काही महिन्यांत पुन्हा आजारी पडली. दिसत नाही याचा अर्थ नाही असा नव्हे, हे तिथून शिकलो. म्हणून आज मुलांच्या एएलएलमध्ये उपचार दोन-तीन वर्षं चालतात. त्यातला बराच काळ मूल घरी असतं, गोळ्या घेतं, शाळेतही जातं. आणि चांगल्या केंद्रांत त्यातली बहुसंख्य मुलं बरी होतात.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : हा आनुवंशिक असतो का? आमच्या घरी मुलीच्या लग्नाचं बघतोय.

उत्तर : बहुतांश वेळा नाही. बिघाड जन्मानंतर मज्जेतल्या एखाद्या पेशीत होतो. तो पुढच्या पिढीत जात नाही, आणि स्पर्शाने, ताटातून, रक्त देऊनही रुग्णाकडून घरच्यांना होत नाही. क्वचित काही घराण्यांत अनेक जणांना होतो, तेव्हा डॉक्टर वेगळी तपासणी सुचवतात. बापाला ल्युकेमिया झाला म्हणून मुलीचं लग्न मोडलेलं मी पाहिलंय. त्याला वैद्यकीय आधार काहीही नव्हता.

प्रश्न : केमोबरोबर गव्हांकुराचा रस, काढे घेतले तर?

उत्तर : पेशी कमी असताना कच्चा रस नको, त्यातून जंतू जातात. काढ्यांचं असं आहे, की काही वनस्पती यकृतात औषधाशी भांडतात; औषध कमी पडतं किंवा जास्त होतं. काय घेता ते सांगा, मी रागावत नाही. लपवून घेतलेल्याची मला जास्त भीती वाटते.

प्रश्न : माझे मोठे भाऊ ७४ वर्षांचे आहेत. एएमएल सांगितलंय. घरात दोन मतं आहेत, केमो द्यावी की नाही. त्यांना झेपेल का?

उत्तर : पूर्ण जोराची केमो बहुधा नाही. पण हल्ली अझासायटिडिन आणि व्हेनेटोक्लॅक्स असे सौम्य पर्याय आहेत. त्यांनी काहींना बऱ्यापैकी वेळ मिळतो, फेऱ्या मात्र माराव्या लागतात. आणि केमो न घेता रक्त चढवणं, ताप-दुखणं सांभाळणं, हाही उपचारच आहे. हॉस्पिटलात दिवस घालवायचे की घरी, हे माणसामाणसावर असतं. भाऊ काय म्हणतात?

— त्यांना अजून नाव सांगितलेलं नाही.

बरं. कार्यक्रम संपल्यावर जरा थांबा. कसं सांगायचं ते आपण दोघे बसून ठरवू.